पाळी थांबताना वाढणारा पोटाचा घेर: आयुर्वेद काय सांगतो आणि घरात काय करायचं

वजनकाटा दोन-तीन किलोच वाढल्याचं सांगतो, पण ब्लाउज दंडात घट्ट होतात आणि ड्रेस पोटावर अडतो. पाळी मागेपुढे व्हायला लागली की बहुतेक बायकांची तक्रार अशीच असते, आणि तिला जोडून एक वाक्य हमखास येतं: "खाणं तर तेवढंच आहे."

हे बहुतेकदा खरंही असतं. तेवढंच खाणं आता जास्त होतं, कारण ते वापरणारं शरीर बदललेलं असतं.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेपेक्षा चार-पाच वर्षं आधी. बदलांना मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी होत गेलं की चरबी साठण्याची जागा बदलते. पूर्वी मांड्या आणि नितंबांवर जाणारी चरबी आता पोटात, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी नातं असलेली चरबी हीच. दुसरीकडे तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत असतात. स्नायू बसल्या जागीही ऊर्जा वापरतात. ते घटले की रोजचा खर्च घटतो. त्यात रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते, गोड खावंसं वाटतं.

थोडक्यात, वजन वाढतं ते मुख्यतः वय आणि घटलेल्या स्नायूंमुळे. ते पोटावर येऊन बसतं ते पाळी थांबल्यामुळे. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेच उपाय आपोआप सुचतात.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असतील तर हा सगळा बदल काही आठवड्यांतच अंगावर येतो. अंडाशय ठेवले असतील तर बदल हळूहळू होतो, पण पाळी हे मोजमापच हातात नसल्यामुळे तो कळत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या कमी वयात झालेल्या अशा शस्त्रक्रिया २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आल्या होत्या. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी दवाखान्यातून मिळालेलं कार्ड काढून अंडाशय ठेवले की नाही, एवढं एकदा बघून घ्यावं.

आयुर्वेदाचा पेच

सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि शरीर पिकलं की पन्नाशीला क्षीण होते असं म्हटलं आहे. म्हणजे हा वयाचा टप्पा, रोग नव्हे. वयाचा उत्तरार्ध वाताचा मानलेला आहे. तुटक झोप, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, सांधेदुखी, उगाच घालमेल ही वाताची लक्षणं. अंगातल्या वाफा आणि चिडचिड हे पित्ताचं काम. पोटावरचा मेद मात्र कफाच्या खात्यात जातो.

इथेच घोळ होतो. मेद कमी करायचे नेहमीचे उपाय म्हणजे कमी खाणं, कोरडं खाणं, उपास, भरपूर घाम गाळणं. हे सगळं वात वाढवतं. म्हणून पंचेचाळिशीतली बाई जेव्हा तूप बंद, भात बंद, रात्री फक्त सूप असा धडाका लावते, तेव्हा महिन्याभरात तीन किलो उतरतात खरे, पण सोबत केस गळतात, गुडघे कुरकुरतात, झोप आणखी उडते. उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायू बरेच असतात. नेहमीचं खाणं सुरू झालं की वजन परत येतं, पण ते चरबीच्या रूपात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २१ वा अध्याय स्थूल आणि कृश शरीरांबद्दल आहे. त्यातलं एक निरीक्षण या वयाला नेमकं लागू पडतं: अतिस्थूल माणसात मेद तेवढा वाढत राहतो, बाकीचे धातू, म्हणजे रक्त, मांस, हाडं वगैरे शरीराचे घटक, तसे पोसले जात नाहीत. स्नायू आणि हाडं झिजताहेत आणि चरबी वाढतेय, ही रजोनिवृत्तीतली अवस्था याहून फारशी वेगळी नाही. तिथेच उपायाचं सूत्रही आहे: आहार 'गुरु' पण 'अतर्पण' असावा. पचायला जड, पोटात टिकणारा, तरी चरबी न वाढवणारा. पुढे जी धान्यं सांगितली आहेत त्यांत जव, मूग, कुळीथ, तूर, सावा, कोद्रा आहेत, आणि 'जूर्णाह्व' या नावाची ज्वारीही. आपल्याकडच्या जुन्या ताटाशी ही यादी इतकी जुळते की वेगळं डाएट विकत घ्यायची गरज वाटू नये.

काय मोजायचं

काट्यापेक्षा टेप कामाचा. उभं राहून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरायचा. परकराच्या नाडीच्या रेषेवर मोजू नका, ती जागा दर वेळी सरकते. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला तर लक्ष घालायचं. महिन्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर मोजलं तरी पुरे. सहा महिन्यांत वजनाच्या ५ टक्के घट, म्हणजे ६८ किलोच्या बाईला साधारण साडेतीन किलो, हे लक्ष्य चांगलं. वजन तेवढंच राहून घेर दोन-तीन सेंटिमीटर उतरला तर तेही यशच, कारण चरबी जाऊन स्नायू आलेले असू शकतात.

ताट

सगळ्यात मोठी उणीव प्रथिनांची असते. या वयात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं हवीत; ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम. चहा-पोहे, पोळी-भाजी, वरण-भात, रात्री पुन्हा पोळी-भाजी असा दिवस गेला तर हा आकडा बऱ्याचदा गाठला जात नाही, कारण वरण पातळ असतं आणि उसळ आठवड्यातून एखाद्या दिवशी.

हिशेब असा करता येईल. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत जवळजवळ ६ ग्रॅम प्रथिनं; दिवसाला तीन भाकऱ्या म्हणजे १८. ३० ग्रॅम कोरड्या मुगाची किंवा मटकीची उसळ ७ ग्रॅम. २० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण साडेचार-पाच. २०० मिली दूध ६, दह्याची वाटी ५, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे ६. इथपर्यंत ४७ च्या आसपास. दोन अंडी १२ ग्रॅमची भर घालतात. न खाणाऱ्यांनी ५० ग्रॅम पनीर आणि वर एक जास्तीची डाळीची वाटी घ्यावी. मासे खाणाऱ्या घरांत हे गणित सोपं होतं, फक्त तळलेल्या तुकडीऐवजी कालवण.

मोड आलेली कच्ची कडधान्यं वाटीभर खायची सवय अनेकींना आहे. वाताच्या वयात ती पोट फुगवतात. मोड वाफवून, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन, आलं घालून खा. कुळथाचं पिठलं थंडीत उत्तम, पण उन्हाळ्यात आणि वाफा फार येत असतील तेव्हा ते उष्ण पडतं. तिथे मूग बरे.

भात सोडायची गरज नाही. एक मध्यम वाटी शिजलेला भात, त्यावर भरपूर वरण, हे प्रमाण चालतं. तूपही बंद करू नका. दिवसाला एक ते दोन छोटे चमचे पुरेत. चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात, त्यामुळे "तूप चांगलं असतं" म्हणून चार चमचे घालणं महागात पडतं. फोडणीच्या तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवा: माणशी अर्धा ते पाऊण लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर चूक तिथे आहे.

आणखी दोन ठिकाणी कॅलरी गुपचूप शिरतात. पहिलं, चहा. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर म्हणजे ३२ ग्रॅम साखर, बिस्किटं वेगळी. दुसरं, पातेल्यात उरलेलं. वाया जायला नको म्हणून रात्री शेवटी संपवलेली अर्धी पोळी आणि डावभर भाजी कुणीच जेवणात धरत नाही. उरलेलं डब्यात काढून फ्रिजमध्ये टाका, आणि हे काम स्वतः जेवायला बसण्याआधी करा. हा उपाय कुठल्याही ग्रंथात नाही, पण घराघरांत तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

किती खायचं याचं अष्टांगहृदयातलं माप सोपं आहे: पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नानं भरावेत, एक पातळ पदार्थांनी, एक रिकामा ठेवावा. पाण्याबद्दलही तिथे नेमकं सांगितलं आहे. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल. शेवटचा भाग शब्दशः सिद्ध झालेला नसला तरी जेवणाआधी पेलाभर पाणी प्यायल्यानं पोट लवकर भरतं, हा अनुभव कुणालाही घेता येतो.

वेळा अशा जमवता येतात: सकाळी आठच्या सुमारास नाष्टा, दुपारी साडेबारा-एकला दिवसातलं मुख्य जेवण आणि सोबत ताक, साडेचारला फुटाणे किंवा एखादं फळ, रात्री साडेसातला हलकं जेवण. रात्री मुगाची मऊ खिचडी किंवा एक भाकरी, दुधी-दोडका-पडवळासारखी भाजी, घट्ट वरण. दही रात्री टाळावं असं चरकानंही म्हटलं आहे. घरची मंडळी नऊला येत असतील तर त्यांच्यासाठी थांबू नका. त्यांच्याबरोबर बसून ताक प्या, गप्पा मारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.

उपास

या विषयावर घरात वाद होतात, तरी बोलायलाच हवं. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावण, नवरात्र असं धरलं तर वर्षातले कितीतरी दिवस उपासाचे निघतात. आपला उपास बऱ्याचदा साबुदाण्यावर चालतो. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि चार चमचे तूप धरलं तर खिचडीची एक थाळी पाचशे कॅलरींच्या पुढे जाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, त्यामुळे तीन तासांत पुन्हा भूक, मग बटाट्याचा चिवडा, रताळ्याचा कीस, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला गोडधोड. आयुर्वेदातलं लंघन, म्हणजे शरीराला हलकं करणारा उपाय, याच्या अगदी उलट असतं.

उपास मोडायचा नसेल तर आतला पदार्थ बदला. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, ताक, काकडीची कोशिंबीर, फळं. खिचडी करायचीच असेल तर साबुदाणा निम्मा आणि त्यात किसलेला दुधी. दिवसभर कडकडीत निर्जळ उपास मात्र या वयात नकोच. वाफा, डोकेदुखी आणि रात्रीची अनावर भूक हे त्याचे ठरलेले परिणाम.

सकाळचं गरम पाणी-मध-लिंबू हेही इथेच निकालात काढू. मध गरम करून किंवा गरम पदार्थाबरोबर घेऊ नये हे आयुर्वेदात स्पष्ट सांगितलं आहे. स्थूलांना सांगितलेलं मधाचं पाणी उकळत्या पाण्यातलं नव्हे. या पेयानं चरबी वितळत नाही, पित्त असणाऱ्यांची छाती मात्र जळते. सकाळी नुसतं कोमट पाणी प्या.

व्यायाम: अर्ध्या शक्तीनं, पण वजन उचलून

व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्म्यानं करावा, असं अष्टांगहृदयाचा कर्ता वाग्भट यानं सांगितलं आहे. निम्मी शक्ती ओळखायची खूण सुश्रुतसंहितेत आहे: श्वास तोंडानं घ्यावासा वाटू लागला की थांबायचं. आजच्या भाषेत, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग.

आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं हा पाया. पण नुसत्या चालण्यानं गेलेले स्नायू परत येत नाहीत आणि बहुतेकींचं घोडं इथेच अडतं. आठवड्यातून किमान दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम हवेत. घरात करता येतील असे पाच: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यावर नेणं, जमिनीवर पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलणं. प्रत्येकी आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज जमत असतील तर दर दोन आठवड्यांनी वजन किंवा संख्या वाढवा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. चरकानंही हे सगळं 'क्रमानं' वाढवायला सांगितलं आहे. पहिल्याच आठवड्यात ५१ सूर्यनमस्कार घालून पाठ धरून बसण्याची रीत त्याला मान्य झाली नसती.

उड्या मारताना किंवा शिंकताना लघवी निसटते म्हणून अनेकजणी व्यायामच सोडतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. उड्या टाळा, बाकीचं चालू ठेवा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून सोडणं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा करा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. जेवणानंतरची शतपावली दहा मिनिटांपर्यंत वाढवली तर रक्तातली साखर कमी चढते.

झोप

झोपायची खोली हवेशीर, सुती पातळ कपडे, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद, रात्री तिखट-मसालेदार कमी. वाफ आल्यासारखी वाटली की शीतली प्राणायामाची आठ-दहा आवर्तनं बसल्या जागी करता येतात: जीभ नळीसारखी वळवून तोंडानं श्वास आत, नाकानं बाहेर. झोपण्यापूर्वी तळपायांना तिळाचं तेल पाच मिनिटं चोळणं हा वातासाठीचा साधा उपाय. नंतर पाय पुसा, फरशीवर घसरू नका.

दुपारच्या झोपेला चरक मेदस्वी लोकांसाठी साफ नाही म्हणतो. पण रात्र वाफांमध्ये गेली असेल तर काय? अष्टांगहृदयात त्याचीही सोय आहे: जागरण झालं असेल तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, उपाशीपोटी झोपावं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, एवढा त्याचा सारांश.

उद्वर्तन म्हणजे कोरड्या चूर्णानं अंग चोळणं. आंघोळीआधी दहा मिनिटं कुळथाचं किंवा त्रिफळ्याचं पीठ खालून वर चोळलं की त्वचा छान होते, अंग हलकं वाटतं. त्यानं पोटाची चरबी जाते अशी आशा ठेवू नका. त्वचा कोरडी असेल तर पिठात थोडं तेल घाला.

औषधांबाबत

बद्धकोष्ठ असेल तर रात्री त्रिफळा चूर्ण, एक सपाट छोटा चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, कोमट पाण्याबरोबर. जुलाब झाले तर निम्मं करा. ते पोट साफ करतं. वजनावर त्याचा परिणाम झालाच तर किरकोळ.

शतावरी या काळात हमखास सुचवली जाते, पण ती बृंहण आहे, म्हणजे पोषण करून वाढवणारी. बाजारातल्या शतावरी कल्पात बहुतांश साखरच असते. दुधात दोन चमचे दोन वेळा घेऊन वर वजन का उतरत नाही असं विचारण्यात अर्थ नाही. घ्यायचीच तर वैद्यांच्या सल्ल्यानं, साखर नसलेलं चूर्ण. गुग्गुळाच्या गोळ्या थायरॉइड, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. ज्येष्ठमधाचा रोजचा काढा रक्तदाब चढवतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेत असाल तर कोणतंही चूर्ण किंवा काढा तिच्यासोबत नको.

घटकांची नावं नसलेली 'वजन उतरवणारी' पुडी घेऊच नका. सोनामुखीसारख्या रेचकांनी शरीरातलं पाणी जातं, चरबी तशीच राहते. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण जगभरात 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ते सापडत राहिलं आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. थकवा आणि वजन दोन्हींचं कारण तिथे निघू शकतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावर थेंबभर जरी लाल गेलं तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. आणि पोट दोन-तीन आठवडे सतत फुगलेलं राहतंय, थोडं खाल्लं की गच्च वाटतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, असं असेल तर ते वाढलेलं वजन म्हणून सोडून देऊ नका. अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्या.